दुबईचे टर्मिनल तीन : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

परीक्षा संपत आल्या की आपल्या शाळेच्या कार्यालयात दोन प्रकारचे अर्ज येऊ लागतात. एक, पासपोर्टसाठी बोनाफाईड दाखला मिळावा म्हणून. दुसरा, सुट्टी चार दिवस वाढवून मिळावी म्हणून. कारण बहुधा एकच असते. कोणाचे काका दुबईला नोकरीस आहेत, कोणाची मावशी शारजाला असते, तर कोणाची ताई अमेरिकेत असून तिच्या बाळंतपणासाठी आजी निघाल्या आहेत आणि त्यांना वाटेत दुबईला विमान बदलायचे आहे. हैदराबादहून दुबई साधारण चार तासांवर आहे. पुष्कळ आजी-आजोबांचा तो आयुष्यातला पहिला विमानप्रवास असतो आणि घरात कोणाला रजा नसल्यामुळे तो एकट्यानेच करायचा असतो. शमशाबादच्या दारापर्यंत आपण त्यांना सोडतो. पुढे काय, ही काळजी मात्र त्यांनाही असते आणि आपल्यालाही.

म्हणून या अंकात दुबई विमानतळाच्या टर्मिनल तीनची माहिती देत आहोत. आधीच सांगायला हवे की तेथे घाबरण्यासारखे काही नाही. इंग्रजीतली ए, बी, सी, डी ही चार अक्षरे आणि आकडे ज्याला वाचता येतात, तो तेथे हरवत नाही. अडचण येते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी : समोरचे वाचायचे राहून जाते म्हणून, किंवा आपल्या बॅगेत नको ती वस्तू गेलेली असते म्हणून. दोन्हींवरचा उपाय घरातून निघण्यापूर्वीच करता येतो आणि त्यात मुलांची मोठी मदत होऊ शकते.

वाळूच्या धावपट्टीपासून

दुबई हे वाळवंटाच्या कडेला, खाडीच्या तोंडाशी वसलेले गाव. मोती काढणे, मासेमारी आणि व्यापार हा तेथील लोकांचा जुना उद्योग. विमानतळ होण्यापूर्वी तेथे पाण्यावर उतरणारी विमाने येत. इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीशी १९३७ साली करार झाला आणि तिची विमाने दुबईच्या खाडीत उतरू लागली. या सोयीचे भाडे रुपयांत ठरले होते, महिना ४४० रुपये. तेव्हा त्या भागात आपलाच रुपया चालत असे. पुढे १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने खास आखाती देशांसाठी वेगळ्या रंगाच्या नोटाही काढल्या होत्या.

जमिनीवरचा विमानतळ सुरू झाला तो ३० सप्टेंबर १९६० रोजी. दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांनी तो बांधवून घेतला. पहिली धावपट्टी चक्क दाबून घट्ट केलेल्या वाळूची होती, लांबी १,८०० मीटर. डांबरी धावपट्टी आली ती १९६५ मध्ये. २५ ऑक्टोबर १९८५ रोजी एमिरेट्स ही दुबईची विमान कंपनी सुरू झाली. तिच्या अगदी पहिल्या ठिकाणांत कराची आणि दिल्लीबरोबर मुंबईचाही समावेश होता.

आज हा विमानतळ आंतरराष्ट्रीय प्रवाशांच्या संख्येत जगात सर्वांत गजबजलेला म्हणून ओळखला जातो. २०२४ या एका वर्षात तेथून ९ कोटी २३ लाख प्रवासी गेले-आले. त्यांत सर्वांत मोठा वाटा भारताचा, सुमारे १ कोटी २० लाख. त्यामुळे रांगेत पुढचा किंवा मागचा माणूस हिंदी समजणारा असण्याची शक्यता चांगलीच असते. वाट विचारायला संकोच करू नये.

जमिनीखालचे टर्मिनल

टर्मिनल तीन १४ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झाले. क्षेत्रफळाने त्याची गणना जगातील सर्वांत मोठ्या इमारतींत होते. तरीही बाहेरून पाहणाऱ्याला तो आकार जाणवत नाही, कारण या टर्मिनलचा मोठा भाग विमाने उभी राहतात त्या जागेच्या खाली, सुमारे दहा मीटर खोल आहे. प्रवासी खाली सामान देतात, पासपोर्ट दाखवतात आणि सरकत्या जिन्याने वर येतात, तो समोर काचेपलीकडे विमान उभे असते.

उन्हाळ्यात दुबईचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते. विमानापर्यंत उन्हातून चालणे किंवा बसची वाट पाहत थांबणे तेथे कठीण. म्हणून दारातून आत आल्यापासून विमानात बसेपर्यंत बहुतेक वाट थंड केलेल्या इमारतीतूनच जाते. ही थंडी आपल्या माणसांना बाधते. आजी-आजोबांच्या हातातल्या पिशवीत स्वेटर, शाल किंवा कानटोपी असावी. वाळवंटात चाललो म्हणून गरम कपडे खालच्या बॅगेत टाकणारे पुष्कळ जण नंतर कुडकुडत बसतात.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. हवा तापली की ती प्रसरण पावते आणि विरळ होते. विरळ हवेत पंखांना मिळणारा वर उचलणारा जोर कमी होतो, त्यामुळे विमानाला उडण्यापूर्वी जास्त वेग घ्यावा लागतो आणि त्यासाठी लांब धावपट्टी लागते. दुबईच्या दोन्ही धावपट्ट्या चार किलोमीटरहून लांब आहेत.

टर्मिनल, कॉन्कोर्स आणि गेट

हे तीन शब्द समजले की निम्मे काम झाले. आपल्या महात्मा गांधी बस स्थानकाचे उदाहरण घेऊ. स्थानकाची इमारत म्हणजे टर्मिनल. तेथून आत गेल्यावर फलाटांची लांबच लांब रांग, तिला कॉन्कोर्स म्हणायचे. आणि ज्या एका फलाटाला आपली गाडी लागते, ते गेट.

दुबईला तीन टर्मिनल आहेत. एमिरेट्सची विमाने टर्मिनल तीनवरून सुटतात. इतर बऱ्याच कंपन्यांची विमाने, त्यांत भारतीय कंपन्याही आल्या, टर्मिनल एक किंवा दोनवरून जातात. टर्मिनल दोन तर धावपट्टीच्या पलीकडच्या बाजूला आहे. म्हणून तिकिटावर टर्मिनलचा आकडा कोणता आहे, हे आधी पाहावे. विमानतळाचे नाव पाहणेही आवश्यक आहे. दुबईत अल मक्तूम नावाचा दुसरा विमानतळ आहे आणि तो शहरापासून बराच दूर आहे.

टर्मिनल तीनला ए, बी आणि सी असे तीन कॉन्कोर्स जोडलेले आहेत. बी आणि सी एकमेकांना लागून आहेत, एकातून दुसऱ्यात चालत जाता येते. ए मात्र स्वतंत्र इमारतीत आहे आणि तेथे जमिनीखालून धावणाऱ्या, चालक नसलेल्या छोट्या रेल्वेने जावे लागते. ही गाडी फुकट असते. डी हा कॉन्कोर्स टर्मिनल एकचा आहे.

गेटचा क्रमांक 'बी २२' किंवा 'ए १०' असा, म्हणजे एक अक्षर आणि एक आकडा असा असतो. अक्षर सांगते कोणत्या इमारतीत जायचे, आकडा सांगतो किती पुढे चालायचे. फलक अरबी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतात. ज्या आजींना इंग्रजी येत नाही, त्यांच्यासाठी नातवंडांनी हे काम करावे : एका कोऱ्या कार्डावर ए, बी, सी, डी ही इंग्रजी अक्षरे आणि शून्य ते नऊ इंग्रजी आकडे मोठे काढून प्रत्येकाखाली मराठीत लिहावे. ते कार्ड पासपोर्टच्या पाकिटात ठेवावे. चार संध्याकाळी बसून सराव झाला की पुरे.

अंतराचा अंदाज मात्र हवा. कॉन्कोर्स ए ९२४ मीटर लांब आहे, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर. सरकते पट्टे आहेत, तरी चालावे लागतेच. पायात नवी चप्पल घालून जाऊ नये.

कॉन्कोर्स ए २०१३ च्या जानेवारीत सुरू झाला. एअरबस ए-३८० या दुमजली विमानासाठी मुद्दाम बांधलेला जगातला हा पहिला कॉन्कोर्स. या विमानाच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर जवळजवळ ८० मीटर असते. एवढी जागा जुन्या गेटांपाशी मिळत नाही, म्हणून वेगळी सोय करावी लागली. वरच्या मजल्यावरचे प्रवासी तेथे वरूनच थेट विमानाच्या वरच्या मजल्यात शिरतात. ही विमाने सर्वांत जास्त संख्येने एमिरेट्सकडेच आहेत. सुट्टीत जाणाऱ्या मुलांनी खिडकीतून ती अवश्य पाहावीत.

विमानातून उतरल्यावर दोन वाटा

विमानातून बाहेर पडताच पहिला निर्णय येतो. फलकांवर दोन वाटा दाखवलेल्या असतात. एक 'अरायव्हल्स', म्हणजे दुबईतच उतरणाऱ्यांसाठी. दुसरी 'कनेक्शन्स', म्हणजे विमान बदलून पुढे जाणाऱ्यांसाठी. घाईघाईने गर्दीच्या मागोमाग जाऊ नये. ज्यांच्या मागे आपण चाललो, ते लोक कदाचित दुबईचेच असतील.

पुढे जाणाऱ्यांनी कनेक्शन्सच्या वाटेने निघावे. तेथे हातातल्या सामानाची पुन्हा तपासणी होते. १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली तेथेच ठेवून घेतात, मग ती तुपाची असो की केसांच्या तेलाची. लोणचे आणि तूप हेही द्रवातच धरतात. तपासणी झाल्यावर मोठ्या पडद्यावर आपल्या विमानाचा क्रमांक शोधावा आणि त्यासमोरचे गेट पाहावे. आत राहून विमान बदलणाऱ्याला दुबईचा व्हिसा लागत नाही. शहरात पाऊल टाकायचे असेल तर मात्र व्हिसा हवा.

येथे एक खाचखळगा आहे. दोन्ही विमानांचे तिकीट एकत्र काढलेले असेल, तर मोठ्या बॅगा सहसा परस्पर पुढच्या विमानात जातात. स्वस्त पडते म्हणून दोन वेगवेगळी तिकिटे काढली, तर बॅग दुबईत उतरवून घेऊन पुन्हा द्यावी लागू शकते, आणि बॅग घ्यायला बाहेर जायचे म्हणजे व्हिसा आला. तिकीट काढतानाच हे विचारावे. शमशाबादला बॅग देताना 'ही कुठे मिळेल?' असा प्रश्न काउंटरवर विचारून बॅगेच्या चिठ्ठीवरचे शेवटचे गाव वाचून घ्यावे.

बॅगांचा प्रवासही पाहण्याजोगा असतो, पण तो आपल्याला दिसत नाही. टर्मिनल तीनच्या पोटात सामान वाहून नेणारे सुमारे ९० किलोमीटर लांबीचे पट्टे आहेत. हैदराबादहून जवळजवळ झहीराबादपर्यंत जाण्याइतके हे अंतर तळघरात घड्या घालून बसवलेले आहे.

दुबईतच उतरणाऱ्यांसाठी

अरायव्हल्सच्या वाटेने गेल्यावर पासपोर्ट तपासणी लागते. व्हिसाचा कागद छापून जवळ ठेवावा. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमच्यासाठी एक गंमत आहे. २०२३ मध्ये टर्मिनल तीनच्या अरायव्हल्समध्ये ४ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी वेगळे, कमी उंचीचे पासपोर्ट काउंटर सुरू झाले. तेथे मुलाला आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या हाताने शिक्का मारता येतो.

पुढे सामानाचे पट्टे आणि मग बाहेरचे दार. न्यायला येणाऱ्या माणसाला टर्मिनलचा आकडा आधीच कळवून ठेवावा. बाहेर टॅक्सीची रांग असते. गुलाबी छताच्या टॅक्सी स्त्रिया चालवतात आणि त्या स्त्रिया व कुटुंबांसाठी असतात. एकट्या जाणाऱ्या आईला किंवा आत्याला हे माहीत असावे. टर्मिनल तीनला मेट्रोचे स्थानकही लागून आहे. दुबईची मेट्रो ९ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झाली. मेट्रोत एका माणसाला एक मोठी आणि एक लहान बॅग नेता येते, त्यामुळे चार बॅगा घेऊन जाणाऱ्यांनी टॅक्सीच करावी. मध्यरात्रीनंतर मेट्रो बंद असते आणि आपल्याकडची बरीच विमाने अवेळी पोहोचतात, हेही ध्यानात असू द्यावे.

घरी फोन करायचा असेल तर विमानतळावर फुकट वायफाय आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून संदेश जातो, पण बोलण्याचा कॉल तेथे बऱ्याचदा लागत नाही, कारण त्या देशात इंटरनेटवरून बोलण्यावर बंधने आहेत. आजींचा कॉल आला नाही म्हणून इकडे घरच्यांनी जीव टांगणीला लावू नये. 'पोहोचले' एवढा संदेश पाठवायचा, किंवा आवाज मुद्रित करून पाठवायचा, असे आधीच ठरवून ठेवावे.

वेळ आणि फलक

दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजले असतील तर तेथे नऊ. तिकिटावर प्रत्येक गावाची स्थानिक वेळ छापलेली असते. हातातले घड्याळ विमानातून उतरतानाच दीड तास मागे करावे.

बोर्डिंग पासवर सुटण्याची वेळ असते, पण आपल्या कामाची वेळ ती नव्हे. एमिरेट्सच्या विमानाचे गेट सुटण्यापूर्वी २० मिनिटे बंद होते. आपल्याकडे बसस्थानकावर वाहक घंटी वाजवतो, हाक मारतो, उशिरा धावत आलेल्यालाही चढवून घेतो. तेथे तसे होत नाही. ध्वनिक्षेपकावरून आपले नाव पुकारतील या भरवशावर बसू नये. दर अर्ध्या तासाने उठून पडदा पाहावा, कारण गेट बदलूही शकते. सुटण्याच्या वेळेआधी एक तास गेटपाशी जाऊन बसावे आणि मगच डबा उघडावा.

जाता जाता, भाषेच्या तासासाठी एक गोष्ट. अरबीत पोहोचण्याला 'वुसूल' म्हणतात. आपला 'वसूल' हा शब्द तेथूनच फारसीच्या वाटेने आला. पैसे पोहोचले म्हणजे वसूल झाले. प्रवाशाला अरबीतही 'मुसाफिर'च म्हणतात. आणि अरबी लिपीतल्या आकड्यांना अरब लोक 'हिंदी आकडे' म्हणतात, कारण अंक लिहिण्याची ही पद्धत त्यांनी भारताकडून घेतली. दिरहमच्या नोटेवर एका बाजूला हे आकडे दिसतील. त्यांत पोकळ गोल म्हणजे शून्य नव्हे, पाच. शून्यासाठी ते नुसता ठिपका देतात. हिशेब करताना हे विसरू नये.

डब्यात काय आहे?

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. पालकांनी हा दोनदा वाचावा, अशी विनंती आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरी मुलीसाठी फराळाचा डबा बांधून तयार होता. आदल्या रात्री तिचा दुबईहून फोन आला. तिने काय काय घेतले ते विचारले आणि 'अनारसे' म्हणताच ती ओरडलीच, "बाबा, खसखस! आधी डबा उघडा." रात्री अकरा वाजता आम्ही उभयतांनी डबा रिकामा केला. अनारशांवर खसखस होती. करंज्यांच्या सारणात होती. डिंकाच्या लाडवात होती. ज्या पदार्थांत ती नव्हती, असे चकली, शेव आणि शंकरपाळेच काय ते उरले.

संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे. आपल्याला हे चमत्कारिक वाटते, कारण आपल्याकडे ती किराणा दुकानात मिळते आणि तिने नशा येत नाही. पण खसखस हे अफूच्याच झाडाचे बी आहे. अफू बोंडाच्या चिकातून निघते आणि त्या चिकाचा अंश बियांना लागलेला असू शकतो. म्हणून तेथील कायदा तिला अमली पदार्थांच्या बाजूला ठेवतो. त्या देशाचे अमली पदार्थांविषयीचे कायदे अतिशय कडक आहेत, आणि 'मला माहीत नव्हते' हे उत्तर चालत नाही. नुसते विमान बदलायला थांबणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा, कारण तपासणी त्यांचीही होते.

खसखस कशा-कशात असते, हे घरातल्या अन्नपूर्णेला विचारावे : अनारसे, करंजी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बाकरवडी, काही घरांतला काळा मसाला, आणि आपल्या हैदराबादच्या सालनाचा तयार मसालाही. विकतच्या पाकिटावरची यादी वाचावी. शंका असेल तर पदार्थ घरीच ठेवावा. विड्याची पाने, सुपारी आणि गुटखाही बरोबर नेऊ नये. आजोबांचा पानाचा डबा निघताना देव्हाऱ्याजवळ ठेवून द्यावा.

दुसरी वस्तू सुके खोबरे. ते तर आपण ओटीतही घालून देतो. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असते. हवेतल्या प्राणवायूशी त्या तेलाचा संयोग होऊन उष्णता निर्माण होते, आणि माल दाबून भरलेला असेल तर ती साठत जाऊन खोबरे आपोआप पेट घेऊ शकते. म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत ते आपोआप पेटणाऱ्या मालाच्या वर्गात येते. खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत घालू नयेत.

तिसरी गोष्ट पॉवर बँक. ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवावी लागते. १ ऑक्टोबर २०२५ पासून एमिरेट्सने विमानात पॉवर बँक वापरण्यास बंदी केली आहे. १०० वॉट-तासांहून कमी क्षमतेची एकच पॉवर बँक बरोबर नेता येते.

ओळखीच्या माणसाने 'एवढे पाकीट पोहोचवा' म्हणून काही दिले, तर ते उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. यात अपमान मानण्याचे कारण नाही. बॅग ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची.

औषधे

खोकल्याची काही औषधे आणि काही वेदनाशामक गोळ्या आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सहज मिळतात, पण तेथे त्या नियंत्रित आहेत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉल ही त्यांची ठळक उदाहरणे. झोपेच्या व मनःशांतीच्या बऱ्याच गोळ्याही याच यादीत येतात. अशी औषधे चालू असतील तर तेथील सरकारची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. निघण्यापूर्वी डॉक्टरांना सर्व औषधे दाखवून प्रत्येकातील घटक कोणते, ते विचारावे. बीपी, मधुमेह इत्यादींची नेहमीची औषधेही मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. गोळ्या सोडवून डबीत भरू नयेत.

ही सर्व औषधे हातातल्या पिशवीत असावीत. त्याचे कारण १६ एप्रिल २०२४ च्या घटनेतून कळेल. त्या दिवशी अमिरातीत गेल्या ७५ वर्षांत नोंदला गेला नव्हता एवढा पाऊस पडला. एका ठिकाणी तर चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटरहून जास्त. वाळवंटातल्या शहराला पाण्याच्या निचऱ्याची एवढी सवय नसते. धावपट्ट्यांभोवती पाणी साचले, शेकडो विमाने रद्द झाली, रस्ते बुडाल्यामुळे कर्मचारीही पोहोचू शकले नाहीत. हजारो प्रवासी टर्मिनलमध्ये अडकले आणि त्यांच्या बॅगा आत पडून राहिल्या. अशा वेळी इन्सुलिन बॅगेत आणि माणूस बाकावर, असे होता कामा नये. हिवाळ्यात पहाटे धुके पडूनही तेथे विमानांना उशीर होतो. शिवाय हवाई मार्ग कधी कधी राजकीय कारणांनीही बंद पडतात. निघायच्या दिवशी विमान वेळेवर आहे ना, हे कंपनीकडे विचारूनच घराबाहेर पडावे. हातात तीन दिवसांची औषधे, एक कपड्यांचा जोड आणि थोडा कोरडा खाऊ असू द्यावा.

ज्येष्ठांसाठी मदत

गुडघे दुखणाऱ्यांनी चाकाची खुर्ची मागताना लाजू नये. ती फुकट मिळते, पण तिकिटाच्या वेळी किंवा निदान दोन दिवस आधी विमान कंपनीला सांगावे लागते. मदतनीस एका विमानापासून दुसऱ्या विमानापर्यंत नेतो, तपासणीची वाटही दाखवतो. जेवण शाकाहारी हवे असेल तर तेही आधीच नोंदवावे. वाटेत लष्कर, पोलीस किंवा तपासणीची जागा यांचे फोटो काढू नयेत, आणि अनोळखी माणसांचेही नाही.

पुढे काय होणार?

हा विमानतळ आता शहराच्या मधोमध आला आहे आणि त्याला वाढायला जागा उरलेली नाही. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये दुबईने अल मक्तूम विमानतळावर १२८ अब्ज दिरहम खर्चून नवे प्रचंड टर्मिनल बांधण्याची योजना जाहीर केली. ते पूर्ण झाल्यावर वर्षाला २६ कोटी प्रवासी हाताळता येतील, आणि सध्याच्या विमानतळाचे काम टप्प्याटप्प्याने तेथे हलेल. आज पहिलीत असलेली मुले कॉलेजात जाईपर्यंत कदाचित हा लेख जुना झालेला असेल. वाचून मग पाऊल टाकायचे, ही सवय मात्र तेथेही उपयोगी पडेल.

विद्यार्थी मित्रांनो, आजी किंवा आजोबा निघणार असतील तर त्यांच्या बॅगेत तुमच्या हातची एक चिठ्ठी असू द्या. तिच्यावर मोठ्या अक्षरांत एवढेच लिहा : टर्मिनल कोणते, विमानाचा क्रमांक, उतरल्यावर अरायव्हल्स की कनेक्शन्स, घड्याळ दीड तास मागे, गेटपाशी एक तास आधी, औषधे हातात, न्यायला येणाऱ्याचे नाव आणि फोन नंबर. चिठ्ठी लिहून झाली की आजींकडून ती एकदा मोठ्याने वाचून घ्या.

आणि अनारसे? आता आमच्या घरी मुलीच्या डब्यासाठी ते खसखशीऐवजी तीळ लावून करतात. पहिल्या वर्षी सौभाग्यवतींनी नाक मुरडले होते. मुलीने तिकडून फोटो पाठवला, त्यात डबा रिकामा होता. त्यानंतर घरात त्यावर चर्चा झालेली नाही.